सहायक फौजदार, मुक्काम केडंबे

जावळी म्हटलं की माणसं थेट 1656 सालात जातात. चंद्रराव मोरे, किर्र रान, महाराजांची स्वारी. त्यानंतरच्या साडेतीनशे वर्षांत जावळीनं काय केलं, हे कुणी विचारत नाही. जावळीनं माणसं बाहेर पाठवली. डोंगर मोठे आणि खाचरं लहान, त्यात पाऊस असा की चार महिने दारातून पाय बाहेर काढू देत नाही. मग घरटी एकजण मुंबईला आणि एकजण पलटणीत. मुंबईला गेलेला गिरणीत लागायचा, नाहीतर माथाडी होऊन पाठीवर पोती वाहायचा. पलटणीत गेलेला सुट्टीला आला की मेढ्याच्या स्टँडवर काळी ट्रंक उतरायची. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, नाव, युनिट. आम्ही पोरं ती अक्षरं वाचत ट्रंकेमागून घरापर्यंत जायचो.

तुकाराम गोपाळ ओंबळे हे असल्याच एका गावचे, मेढ्याजवळच्या केडंब्याचे. जन्म 1954 चा. त्यांचा शेवटचा मिनिट साऱ्या देशाला पाठ आहे. त्या मिनिटाआधीची 54 वर्षं मात्र दोन ओळींत उरकली जातात: आधी सैन्यात होते, मग पोलिसात. मला त्या दोन ओळींत अडकून पडायला होतं.

सैन्यात ते सिग्नल कोरमध्ये होते आणि नाईक म्हणून निवृत्त झाले. आमच्याकडं पारावर गोष्टी रंगतात त्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या. चढाई, संगीन, बोल छत्रपती शिवाजी महाराज की जय. सिग्नलवाल्याजवळ असलं काही सांगायला नसतं. 1911 साली उभी राहिलेली ही कोर, ब्रीद ‘तीव्र चौकस’, आणि काम म्हणजे तारेची रिळं खांद्यावर घेऊन रानोमाळ लाइन टाकायची, एक्स्चेंजवर बसायचं, वायरलेसच्या खरखरीतून शब्द वेचायचे. निरोप पोचला तर त्याचं श्रेय कुणी देत नाही. नाही पोचला तर सगळं युनिट शिव्या घालतं. जागं राहणं हीच नोकरी. ओंबळ्यांनी ती केली आणि 1991 मध्ये ते मुंबई पोलिसात आले.

हा दुसरा गणवेश आमच्या भागात नवा नाही. पलटणीतला जवान पस्तीस-चाळिशीतच पेन्शनीत येतो. पोरं शाळेत असतात, घराची एक बाजू पडायला आलेली असते. राज्य सरकारच्या क आणि ड गटाच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांना 15 टक्के जागा राखीव असतात. कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसतो, कुणी पोलिसात जातो. आमच्या शेजारचे नाना तसेच गेले होते. आता दोन्हीकडची पेन्शन खातात आणि दोन्हीकडच्या साहेबांना नावं ठेवतात. लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, अवघड काय, मिलिटरी का पोलीस?

“मिलिटरी सोपी,” नाना म्हणाले. “तिकडं मारायला शिकवत्यात. शत्रू पलीकडं, आपण अलीकडं. हितं मारायचं न्हाई, धरायचं असतंय. धरून, पंचनामा करून, कोर्टात उभं करायचं. आनि ज्याला धरायचं तो मारायलाच बसलेला.”

हे तेव्हा मला फारसं कळलं नव्हतं. पंचनाम्यात काय मर्दुमकी, असंच वाटलं होतं.

ओंबळ्यांच्या नोकरीची ती सतरा वर्षं मुंबई पोलिसांना सुखानं बसू देणारी नव्हतीच. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 च्या दंगली, 12 मार्चचे स्फोट, 2006 च्या जुलैत लोकलच्या डब्यांतले स्फोट. या मोठ्या तारखांच्या मधल्या दिवसांत निवडणुका, मोर्चे, दहीहंड्या. ते ज्या डॉ. दा. भ. मार्ग ठाण्यात शेवटी होते, त्याच्या हद्दीत गिरगाव चौपाटी, म्हणजे अनंत चतुर्दशीला लाखोंची गर्दी. बंदोबस्त या प्रकाराचं वर्णन करता येत नाही, कारण तो यशस्वी झाला तर त्यात काहीच घडत नाही. माणूस उभा राहतो, वडापाव खातो, परत उभा राहतो, पहाटे घरी येऊन सुजलेले पाय खाटेवर टाकतो. सिग्नलवाल्याला याची सवय असावी.

आणि 26 नोव्हेंबर 2008. सीएसटीवर आणि कामा रुग्णालयात माणसं मारून, लगतच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर या पोलीस अधिकाऱ्यांना मारून, दोघं अतिरेकी पोलिसांचीच क्वालिस घेऊन निघाले. तिचा टायर गेला, तेव्हा वाटेत एक स्कोडा हिसकावली. गाडीचं वर्णन वायरलेसवर गेलं आणि चौपाटीच्या नाकाबंदीपर्यंत ते पोचलं. त्या रात्री शहरात अनेक निरोप वेळेवर पोचले नाहीत, पण हा पोचला, आणि नाकाबंदीत जुना सिग्नलवाला उभा होता.

गाडी अडथळ्यांच्या अलीकडे थांबली, वळायला गेली आणि दुभाजकाला अडकली. गोळीबारात चालवणारा इस्माईल खान पडला. दुसरा, अजमल कसाब, शरण आल्यासारखं करून एके-47 सह उतरला. सहायक फौजदार ओंबळ्यांच्या हातात लाठी. त्यांनी पुढं होऊन बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगात घेतल्या, पण नळी सोडली नाही. तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी कसाबला लाठ्यांनी चोपून जिवंत ताब्यात घेतलं.

गोळ्या किती, हे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि प्रत्येकाचा आकडा आधीच्यापेक्षा मोठा असतो. मला त्या आकड्याचा कंटाळा येतो. गोळ्या मोजल्यानं मारणाऱ्याचा हिशोब कळतो; धरणाऱ्यानं काय केलं ते त्यात येत नाही. शौर्य म्हटलं की आपल्याला घाव आठवतात, पकड आठवत नाही. पोवाडा घावाचाच होतो. ओंबळ्यांकडं घाव घालायला काही नव्हतं हे खरंच, पण मला वाटतं, असतं तरी त्या क्षणी सतरा वर्षांची खाकी बोलली असती. समोर आहे तो आरोपी आहे, आणि आरोपीला धरायचं असतं.

त्या धरण्यातून पुढं काय काय निघालं! दहा हल्लेखोरांतला एकटा कसाब जिवंत हाती लागला. 166 माणसं मारणारे कोण, कुठून आले, कुणी पाठवले, या प्रश्नांना एक बोलणारं तोंड मिळालं. ‘कुबेर’ ही बळकावलेली मासेमारी बोट, कराची, लष्कर-ए-तोयबा, सगळी साखळी जुळत गेली. 11,000 हून अधिक पानांचं आरोपपत्र झालं. आर्थर रोड तुरुंगातल्या विशेष न्यायालयात त्याला वकील मिळाला, उलटतपासण्या झाल्या. लोक तेव्हा चिडायचे, याला बिर्याणी कशाला, खटला कशाला. मीही चहाच्या टपरीवर असल्या गप्पांत मान हलवत बसलेलो आहे. 6 मे 2010 ला फाशीची शिक्षा झाली, 29 ऑगस्ट 2012 ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, 21 नोव्हेंबरला येरवड्यात अंमल झाला. ज्यांच्या हातांमुळं हा सगळा कागद उभा राहिला, त्यांची साक्ष तेवढी त्यात नव्हती.

26 जानेवारी 2009 ला त्यांना अशोकचक्र मिळालं. ते त्यांच्या पत्नीनं स्वीकारलं. चौपाटीवर त्यांचा पुतळा आहे. 2021 मध्ये ठाणे परिसरात सापडलेल्या एका उडी मारणाऱ्या कोळ्याला संशोधकांनी ‘आयसियस तुकारामी’ हे नाव दिलं. सन्मानांत मला हाच जास्त आवडतो. हे कोळी जाळं विणून भक्ष्याची वाट बघत बसत नाहीत; अंगावर झेप घेऊन पकडतात. नाव देणाऱ्यांच्या मनात हे होतं की नाही, कोण जाणे.

नानांना मी ही कोळ्याची बातमी वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग विचारलं, “जिवंतच धरला ना त्यानं?” म्हटलं, हो. “मग केस चांगली उभी राहिली असनार,” म्हणाले, आणि कॅन्टीनचं कार्ड नव्यानं करून घ्यायला साताऱ्याला माझ्याबरोबर कधी येतोस, म्हणून मागं लागले.