बोरोमिरला मरायलाच हवे का?

आमच्या खेळाला नेमके काय म्हणावे, हा प्रश्न घरी नेहमी निघतो. खेळ म्हणावा तर त्यात हारजीत नाही. लेखन म्हणावे तर ते एकटीचे नाही. आम्ही सातजण आहोत. टॉल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या कादंबरीतले एकेक पात्र प्रत्येकाने वाटून घेतले आहे. रात्री मोबाईलवर एकाने आपल्या पात्राच्या तोंडून चार ओळी लिहावयाच्या, दुसऱ्याने आपल्या पात्राचे उत्तर द्यावयाचे आणि अशी कथा पुढे न्यावयाची. सारे मराठीत. आम्ही एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलेही नाही.

माझ्याकडे बोरोमिर आहे. गोंडोरच्या कारभाऱ्याचा थोरला मुलगा. शूर, हट्टी, अंगठीच्या मोहात एकदाच घसरलेला आणि लगेच दोन हॉबिटांना वाचवताना बाणांनी विंधून मेलेला.

ते पुस्तक दादाचे. त्यात जागोजागी त्याच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. दादा २०२१ च्या मे महिन्यात गेला.

गेल्या दिवाळीत आमची कथा त्या लढाईपाशी आली आणि मी बोरोमिरला मरू दिले नाही. सगळे बाण खांद्यात आणि मांडीत लागले, असे लिहून मोकळी झाले. त्या रात्री मला फार दिवसांनी गाढ झोप लागली.

सकाळी फॅरामिर लिहिणाऱ्या मुलीचा निरोप होता, "मग मी आता काय लिहू?"

मला रागच आला. मी चांगली वकिली केली. म्हटले, टॉल्किनने स्वतः काय केले? १९३७ सालच्या 'द हॉबिट'मध्ये गोलम कोड्यांच्या पैजेत अंगठी द्यायला राजी असतो. पुढे १९५१ च्या आवृत्तीत त्याने ते प्रकरणच बदलले. लेखकाला मुभा, मग मला का नको? तिचे उत्तर दोन ओळींचे होते. त्याने जुने पुसले नाही. बिल्बोने आधी खोटे सांगितले होते, असे म्हणून तेही कथेतच सामावून घेतले. तुझ्या कथेत खोटे कोण बोलले, ते सांग. माझ्यापाशी उत्तर नव्हते, म्हणून मी अधिकच चिडले आणि लिहिणे बंद केले.

त्यानंतर जत्रेसाठी गावी गेले. गाव कुडाळ तालुक्यात, आणि धाकटे काका दशावतारात काम करतात. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान कोणते आणि सोंग कोणाचे, एवढे ठरले की ज्याने त्याने आपला चेहरा रंगवायचा. संवाद रंगमंचावर सुचतील ते. एवढे स्वातंत्र्य आमच्या सातजणांतही नाही! काकांना सारे सांगितले. ते तोंडाला रंग लावता लावता हसले. म्हणाले, एकदा एक नवा पोरगा अभिमन्यू झाला होता. टाळ्या पडू लागल्या, तसा तो मरायलाच तयार होईना. अखेर जयद्रथ त्याच्या कानाशी पुटपुटला, "मर रे आता, कोंबो आरवलो!"

मी हसले. काका मात्र थांबले. "अगो, त्या राती अर्जुन मी होतंय. तो मरना नाय, तर मी रडाचा कोणासाठी?"

फॅरामिरचे सारे त्या मरणावरच उभे आहे. नदीतून वाहत जाणाऱ्या नावेत त्याला भावाचा देह दिसतो. तेवढे दुःख पोटात घेऊन तो पुढे अंगठी नाकारतो. ती मुलगी वर्षभर त्या प्रसंगाकडे चालत आली होती, आणि मी तिला न विचारता नावच काढून घेतली. तिच्या घरचे कोणी गेले आहे का, ते मी अजून विचारलेले नाही. (आमच्यातले एक गृहस्थ घोड्याच्या खोगिराचा रंगही पुस्तकात दाखवा म्हणतात. त्यांचे मी आजही ऐकत नाही.)

परत आल्यावर मी तो मजकूर काढून टाकला आणि बोरोमिरचे मरण अकरा ओळींत लिहिले. लिहिताना काय झाले ते इथे सांगत नाही.

मग दादाची एक खूण आठवली. एल्रॉन्डच्या सभेत बोरोमिर सांगतो की, इथवर यायला आपल्याला एकट्याने एकशे दहा दिवस लागले. थारबादला नदी ओलांडताना त्याचा घोडा गेला, हे कळते. बाकी त्या प्रवासाविषयी पुस्तक जवळजवळ गप्पच आहे. समासात दादाने पेन्सिलीने नुसते प्रश्नचिन्ह काढले आहे.

मी तिला विचारले, "हे दिवस लिहू का?"

"लिही. फॅरामिर वेशीपर्यंत पोचवायला येईल."

आज बोरोमिरचा तेहेतिसावा दिवस आहे. घोडा अजून आहे. थारबाद पुष्कळ लांब आहे, आणि आम्हा दोघींनाही घाई नाही.

— तृतीय वर्ष कला