तार कुणाच्या हातात?

इतवारीच्या किराणा ओळीत पोती वाहणाऱ्या एका हमालभाऊंना आम्ही विचारले, पोरीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला का? ते म्हणाले, "भरून नाही राहिला न भाऊ. ओटीपी माह्या मोबाईलवर येते, अन् रिचार्ज संपला." बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना 1944 मध्ये सुरू झालेली ही शिष्यवृत्ती. कॉलेजात प्रवेश मिळूनही ती आज रिचार्जवर अडते.

म्हणून परदेशातल्या एका संस्थेने आमच्या विहाराच्या अभ्यासिकेला टॅब दिले, तेव्हा आम्ही हरखलो. शाश्वत विकासाच्या 17 उद्दिष्टांचा बॅनर लागला, फोटो निघाले. सिमचे पैसे सहा महिन्यांपुरतेच भरलेले होते. सातव्या महिन्यापासून टॅब कपाटात पडून आहेत. चूक आमचीही आहे. पुढचे बिल कोण भरणार, हे आम्ही विचारलेच नाही. देणाऱ्याला प्रश्न विचारायचा संकोच अजून आमच्या हाडात आहे.

काही मित्र म्हणतात, बाहेरची मदतच नको. हे आम्हाला पटत नाही. बाबासाहेबांनी 1946 मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या त्यांच्या अर्जाची प्रत मागितली होती. 1920 मध्ये 'मूकनायक'साठी त्यांनी शाहू महाराजांची मदत घेतली, पण त्यात काय छापायचे ते स्वतः ठरवले. मदत कुणाची, यापेक्षा अटी कुणाच्या, हे पाहिले पाहिजे.

दोन उदाहरणे बघा. फेसबुकने 'फ्री बेसिक्स' आणले. गरिबाला फुकट नेट, पण निवडक साइट्सपुरतेच. म्हणजे गावाच्या विहिरीवर आम्हाला वेगळा घाट! देशभर विरोध झाला आणि 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायने असे भेदभावाचे दर बंद केले. त्याच वर्षी जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून गुगल आणि रेलटेलचे स्थानकांवरचे वायफाय सुरू झाले. ते 400 हून अधिक स्थानकांवर पोहोचले. 2020 मध्ये गुगलने अंग काढले, तरी वायफाय बंद पडले नाही, कारण जमिनीखालची फायबर रेलटेलची, म्हणजे सार्वजनिक मालकीची होती. आमच्या टॅबचे नेमके इथेच अडले. उपकरण त्यांचे, सिम त्यांचे, मुदतही त्यांचीच.

आता उपाय. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात चहाटपरी किंवा किराणा दुकानही परवाना न काढता, नोंदणी शुल्क न भरता लोकांना वायफाय देऊ शकते. मग विहार का नाही? वस्तीने महिन्याची वर्गणी काढावी, जोडणी विहाराच्या नावावर असावी. परदेशातल्या आपल्या बांधवांनी राउटर, बॅटरी जरूर द्यावी आणि दोन पोरांना दुरुस्ती शिकवावी. वर्षभर अर्जांच्या हंगामात तरी मुलींना रात्री नेट कॅफेच्या रांगेत उभे राहावे लागू नये, एवढेच सध्याचे मागणे.

मागच्या रविवारी वंदनेनंतर आम्ही हे बैठकीत मांडले. वर्गणीला होकार मिळाला. मग मागे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "पासवर्ड कोनापाशी राहीन? अध्यक्षाच्या पोरापाशी नको." यावर बराच वाद झाला. पुढच्या रविवारी पुन्हा बसणार आहोत.