सलोनिकात तीन रात्री : राहावं कुठे, जेवावं काय



ग्रीसला जायचं म्हटलं की आपली माणसं एकतर अथेन्सला जातात, नाहीतर बेटांवर. बेटांवर चढ-उतार फार. आमच्या वयाच्या लोकांनी पायऱ्या मोजत सुट्टी घालवायची का? मला विचाराल तर सलोनिका गाठा. आजचं नाव थेस्सालोनिकी, पण आपल्या लोकांत अजून सलोनिकाच म्हणतात. विमानाने अडीच तासांच्या आसपास. घड्याळही बदलावं लागत नाही, त्यांची आणि आपली वेळ एकच. इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी ही केवढी सोय आहे ते ज्याचं त्यालाच माहीत.

आम्ही तिघी गेलो होतो, 2025 साली, सुक्कोथ उलटल्यावर. मी, माझी बहात्तर वर्षांची नणंद आणि माझी बारा वर्षांची नात. नातीच्या बाथ मित्झवाची ही भेट. नणंदेला मी अजून वन्संच म्हणते, मुलांना त्याचं हसू येतं. वन्संना तीस वर्षांचा मधुमेह, दिवसातून चार इंजेक्शनं, आणि कोशेरच्या बाबतीत त्या आमच्या सासूबाईंच्याही वरताण. बाहेरगावी गेल्या की "मला भूक नाही गं वहिनी" असं म्हणून फळावर दिवस काढतात. इन्शुलिन टोचून घेतलेल्या बाईने असं म्हणणं म्हणजे काय ते मी नर्स म्हणून पुष्कळ वेळा पाहिलंय. घाम, थरथर, मग बोलणं असंबद्ध, मग बेशुद्ध. म्हणून ह्या प्रवासात कुठे राहायचं आणि काय खायचं हा माझ्यासाठी मौजेचा प्रश्न नव्हता.

आधी राहण्याचं सांगते. शहर समुद्राला लागून आहे आणि मागे डोंगराकडे चढत जातं. वरच्या जुन्या वस्तीला आनो पोली म्हणतात. घरं सुंदर, दृश्य सुंदर, पण गुडघे असतील तरच तिथे खोली घ्या. खालचा भाग सगळा सपाट. आरिस्तोतेलूस नावाचा मोठा चौक आहे, तो थेट समुद्राला भिडतो. ह्या चौकाच्या आसपास, मागच्या शांत गल्लीत खोली घ्यावी. एग्नाशिया रस्त्यावर नको, बसगाड्यांचा आवाज रात्रभर. समुद्रासमोरच्या रस्त्यावर खिडकीतून ऑलिम्पस पर्वत दिसतो (हवा स्वच्छ असेल तर), पण तिथे कॉफीची दुकानं आणि तरुण मंडळी मध्यरात्र उलटली तरी जागीच. लादादिका भागात तर गाणंबजावणं. तिथे जेवायला जावं, झोपायला नाही.

आम्ही चौकामागच्या गल्लीत एका लहान हॉटेलात पहिल्या मजल्यावर खोली घेतली. मुद्दाम पहिला मजला, कारण शब्बाथला लिफ्ट नाही. आणि आणखी एक, आधी फोन करून विचारा की दाराला साधी किल्ली आहे की कार्ड. आमच्याकडे कार्ड होतं, पण मालकीणबाईंनी कपाटातून जुनी किल्ली शोधून दिली. खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये इन्शुलिन बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवू नका, गोठलं की फुकट गेलं. विमानातही ते हातातल्या पिशवीतच हवं, खाली सामानात नाही, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी.

आता जेवण. सलोनिकात आपल्यासारखी कोपऱ्याकोपऱ्यावर कोशेर दुकानं नाहीत. एके काळी मात्र हे शहरच आपल्या लोकांचं होतं. बालमित्रांनो, हे तुमच्यासाठी. 1492 साली स्पेनच्या राजाराणीने तिथल्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. तुर्की सुलतानाने त्यांना आपल्या राज्यात येऊ दिलं आणि हजारो लोक सलोनिकात आले. ते घरात लादिनो बोलत, म्हणजे जुन्या स्पॅनिशसारखी भाषा. आपण मराठी जपली तशी त्यांनी ती चारशे वर्षांहून जास्त जपली. सिनेगॉगना नावं दिली ती सोडून आलेल्या गावांची नि प्रांतांची : आरागॉन, कास्तिल्या, लिस्बन. आपण कोकणातल्या गावांवरून पेणकर, रोहेकर, नवगावकर झालो, त्यांनी गाव सिनेगॉगच्या पाटीवर लिहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शहरात सगळ्यांत मोठी वस्ती ज्यूंची होती. बंदरातले हमाल ज्यू, कोळी ज्यू, म्हणून शनिवारी बंदरच बंद! जहाजांनी थांबावं, रविवारी या म्हणावं. 1930 नंतरच्या दशकात हैफाचं बंदर चालवायला ह्याच सलोनिकाच्या गोदी कामगारांना बोलावून आणलं होतं.

लादादिका म्हणजे काय ते ऐकून वन्सं थांबल्याच. ग्रीक भाषेत लादी म्हणजे तेल (आपल्या लादीपावाची लादी नव्हे). लादादिका म्हणजे तेलाची पेठ. नातीला मी सांगितलं की कोकणात आपल्याला शनवार तेली म्हणत, कारण आपण घाणा चालवायचो आणि शनिवारी बैल सोडायचो. ती म्हणाली, "आजी, म्हणजे इथेही शनवार तेली होते?" तेली होते की नाही ते मी सांगू शकले नाही, पण शनवारवाले तर होतेच.

तर खाण्याचा मार्ग असा काढला. ग्रीक ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांहून जास्त उपास करतात, आणि बुधवार-शुक्रवारही पाळणारे आहेत. त्या उपासाला मांस नाही, दूध-लोणी नाही, अंडं नाही. त्या जेवणाला निस्तिसिमो म्हणतात. हा शब्द पाठ करा. बेकरीत, खानावळीत "निस्तिसिमो?" असं विचारलं की काय खावं ते लगेच कळतं. पण सावध! त्यांच्या उपासाला कोळंबी, कालवं, माकूल चालतं. म्हणून भातात शिंपल्या नाहीत ना हे वेगळं विचारायचं. तिथे शिंपल्यांचा भात फार प्रसिद्ध आहे आणि वासही खरोखर छान येतो, काय करणार. ज्यांना कोशेर स्वयंपाकघराशिवाय चालतच नाही त्यांनी निघण्याआधीच तिथल्या ज्यू जमातीच्या कचेरीला लिहून विचारावं. आम्ही मधला मार्ग घेतला, ज्याने त्याने आपल्या रब्बींना विचारून ठरवावं.

सकाळी कुलूरी. तिळात घोळवलेली पावाची कडी, रस्त्यावरच्या गाडीवर मिळते. स्वस्त, पोटभर. वन्संच्या पर्समध्ये मी कायम एक ठेवत असे. बुगात्सा नावाचा पापुद्र्यांचा पदार्थ तिथली शान आहे. आत मलईदार खीर, नाहीतर चीज, नाहीतर खिमा. इथेच घोटाळा : खिम्याची आणि खिरीची एकाच सुरीने, एकाच फळीवर कापतात. वन्संनी दुरूनच नमस्कार केला. नातीने खाल्ली, वर साखर आणि दालचिनी भुरभुरवून. मी तिला अडवलं नाही. पात्सास म्हणून एक सूप आहे, ते वजडीचं. तिकडे फिरकलोच नाही. त्रिगोना म्हणजे पाकात बुडवलेला, आत मलई भरलेला त्रिकोण. मधुमेहवाल्यांनी काचेतून बघावा.

दुपारी पांढऱ्या मोठ्या घेवड्याची भाजी, टोमॅटोत शिजवलेली. तिला गिगांतेस म्हणतात. वन्संनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, हे तर आपलं बिरडंच. खोबरं घालायला विसरले हे लोक." इतकी वर्षं तिशाबाआवला बिरड्याचा सण म्हणत आलेल्या बाईला परदेशात वालाचा भाऊबंद भेटला! त्या दुपारी त्यांनी पुरी बशी संपवली, आणि मी मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला. पानात भात गुंडाळलेले दोल्मादेस, पालेभाजी उकडून वर लिंबू नि तेल, चण्याची आमटी, हेही चालतं. मासा घ्यायचा तर लावराकी किंवा त्सिपूरा. लावराकी म्हणजे आपल्या बाजारातला लावराकच, नावसुद्धा तेच. त्सिपूरा म्हणजे देनिस. दोन्हींना खवलं आणि पर. अख्खा मासा आधी दाखवायला सांगा, कोणी रागवत नाही.

इन्शुलिनवाल्यांना महत्त्वाचं : ग्रीक लोक रात्री नऊनंतर जेवतात, दहालासुद्धा. खानावळीत बसलात म्हणजे जेवण आलं असं नाही. मी वन्संना सांगून ठेवलं होतं, ताट टेबलावर आल्याशिवाय सुई नाही. आणि खिशात साखरेच्या पुड्या.

शुक्रवारी सकाळी आधी बाजार. मोदियानो बाजार छपराखाली आहे, एली मोदियानो ह्या ज्यू वास्तुशिल्पकाराने 1920च्या दशकात बांधलेला. बरीच वर्षं पडीक होता, 2022च्या डिसेंबरात नव्याने उघडला. आता फार चकचकीत झालाय. भाजीपाल्याला शेजारचा कापानी बाजार बरा, तिथे अजून ओरडून विकतात. कांदे, लिंबं, जैतून, काकड्या घेतल्या. पोहे आणि किसलेलं सुकं खोबरं घरून नेलं होतं (युरोपात बाहेरून मांस नि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, पोह्यांना हरकत नाही). शब्बाथ लागायच्या आत खोलीतच दडपे पोहे केले. चूल नको, भांडी नकोत.

त्याच सकाळी ज्यू म्युझियमही पाहिलं, आयू मिना रस्त्यावर. 1917च्या ऑगस्टमध्ये मोठी आग लागून सलोनिकाचा मधला भाग जळाला, सत्तर हजारांच्या आसपास लोक बेघर झाले, त्यांत बहुतेक आपलेच. त्या आगीतून वाचलेल्या थोड्या इमारतींपैकी ही एक. खालच्या मजल्यावर थडग्यांचे दगड आहेत. जुनं कब्रस्तान तीन लाखांहून जास्त कबरींचं होतं. 1942च्या डिसेंबरात ते उखडलं गेलं, दगड बांधकामाला वापरले. आज त्या जागेवर विद्यापीठ आहे.

म्युझियमपासून थोडं चालल्यावर एलेफ्थेरियास चौक लागतो, म्हणजे स्वातंत्र्य चौक. 11 जुलै 1942 ह्या दिवशी जर्मनांनी नऊ हजार ज्यू पुरुषांना तिथे उन्हात उभं केलं, मारलं, कवायत करायला लावली. तो शनिवार होता. मुद्दाम शनिवार. 15 मार्च 1943ला पहिली आगगाडी सुटली आणि ऑगस्टपर्यंत पंचेचाळीस हजारांहून जास्त माणसं नेली, बहुतेक सगळी आउशविट्झला. चौकाच्या कोपऱ्यावर स्मारक आहे, ज्वाळांत गुंतलेल्या माणसांचा मेनोरा. आज शहरात जमात हजाराच्या आसपास उरलीय.

नातीने तिथे विचारलं, "आजी, तेव्हा आपण कुठे होतो?"

मी म्हटलं, माझे वडील मुंबईत रेल्वेत नोकरीला होते. शनिवारी सुट्टी मागितली तर साहेब कुरकुरायचा.

"बस्स? एवढंच?"

"एवढंच."

ती बराच वेळ बोलली नाही. वन्संही नाही. मग वन्संनी पर्समधली कुलूरी काढली, तीन तुकडे केले आणि आम्ही तिथल्या कट्ट्यावर बसून खाल्ली. साखर मोजायची वेळ झाली होती, ती मोजली.

शब्बाथला सिनेगॉगमध्ये जायचं असेल तर आधी कळवा, पासपोर्ट मागतात. प्रार्थना कोणत्या सिनेगॉगमध्ये तेही विचारून घ्या. मोनास्तिर गावच्या लोकांनी 1920च्या दशकात बांधलेलं सिनेगॉग युद्धात वाचलं, कारण तिथे रेड क्रॉसचं गोदाम होतं. रेड क्रॉसचं नाव ऐकून मला बरं वाटलं, नर्सला वाटणारच. त्यांचे सूर आपल्यापेक्षा वेगळे, पण "शेमा" आला की सगळे एकत्र. शनिवारी दुपारी पोहे खाऊन समुद्राकाठाने पांढऱ्या बुरुजापर्यंत गेलो. सगळी सपाट वाट, जागोजागी बाकडी. मुलांना त्यापुढच्या उंच लोखंडी छत्र्या आवडतात. वन्सं तीनदा बसल्या, पण पोचल्या.

हाव्दाला झाल्यावर आम्ही लादादिकात मासा खाल्ला. आजूबाजूला जुन्या तेलाच्या वखारी, आता त्यांत टेबलं मांडलेली, गाणं चाललेलं. वन्संनी लावराकीचा काटा न् काटा काढून नातीला दिला आणि विचारलं, इथे मेट्रो आहे म्हणतात, ती उद्या बघायची का? 2024च्या नोव्हेंबरात सुरू झालीय, चालकाशिवाय धावते, आणि वेनिझेलू स्टेशनात खोदताना सापडलेला रोमन काळचा रस्ता जपून दाखवलाय. रविवारी सकाळी सामान हॉटेलात ठेवून पाहून आलो. स्टेशनात लिफ्ट आहे. येताना दोन किलो गिगांतेस आणले. आधल्या रात्री भिजत घाला, बारा तास तरी. वालासारखे सोलायला लागत नाहीत. नारळाच्या दुधात, आल्या-मिरचीचं वाटण आणि वर कोथिंबीर. वन्संच्या मते मीठ शेवटी घालावं.