धुरजड आणि उलाळ

प्रवासवर्णन प्रवास झाल्यावर लिहितात, असा संकेत आहे. मी मात्र अजून न झालेल्या प्रवासाविषयी लिहीत आहे. निघण्यास तीन आठवडे आहेत आणि आमच्या ओहायो राज्यातील कोलंबस शहरातल्या घरात दुसरा विषय नाही. मे महिन्याच्या मध्यावर आम्ही चौघे, म्हणजे यजमान, मी, चिरंजीव आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई, आमच्या पिकअप ट्रकमागे ट्रेलर जोडून, त्या ट्रेलरवर एक जुनी जीप चढवून, युटा राज्यातील मोआब या गावी जाणार आहोत. तेथील लाल खडकांच्या वाटांवर चार दिवस जीप चालवायची, आणि मग उत्तरेस सॉल्ट लेक सिटीला जायचे. तेथे १ जूनपासून चिरंजीवांची नोकरी सुरू होते. जीप त्यांच्याजवळ राहील. ट्रेलर घेऊन आम्ही परत येऊ.

ही जीप २००१ सालची रँग्लर आहे. गंजलेल्या अवस्थेत ती घरी आली, तेव्हा चिरंजीव कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. चार वर्षे बापलेकांनी गॅरेजमध्ये तिचे हाडन् हाड वेगळे करून पुन्हा जोडले. यजमान फार बोलके नाहीत. मुलाशी त्यांचे जे बोलणे झाले, ते बहुतेक या गाडीच्या पोटाखाली पडून झाले, असे मला वाटते.

‘जीप आहे तर ती चालवतच का नेत नाही?’ हा प्रश्न गावाकडच्या प्रत्येक फोनवर विचारला जातो. उत्तर सोपे आहे. मोठी खडबडीत चाके आणि उंचावलेला सांगाडा खडक चढण्यासाठी असतो. महामार्गावर तीच गाडी आवाजाने कान किटवते आणि वाऱ्याने डगमगते. शिवाय खडकावर तिचा एखादा आस मोडला, तर पुढे जायला दुसरे वाहन हवे. म्हणून जाणकार मंडळी तिला ओढून नेतात. गिअर मोकळे करून तिला चारही चाकांवर ओढत नेता येते. मोठ्या मोटरहोमच्या मागे अशा जीप नेहमी दिसतात. परंतु तशा जोडणीत मागे घेणे जवळजवळ अशक्य असते आणि जीपची चाके विनाकारण झिजतात. आम्ही ट्रेलर निवडला.

आता हिशेब. घरातील जमाखर्च मीच लिहिते, त्यामुळे वजनांची वहीदेखील माझ्याकडे आली. जाहिरातीत ट्रकची ओढण्याची क्षमता ठळक अक्षरांत सांगतात; तो आकडा जवळपास रिकाम्या ट्रकचा असतो आणि माझ्या मते कुटुंबवत्सल माणसाने त्याकडे पाहूच नये. खरा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील लहानशा पट्टीवर छापलेला असतो: माणसे आणि सामान मिळून इतक्याहून अधिक वजन नको. आमच्या ट्रकचा आकडा आहे १,४८० पौंड. (किलोची सवय असलेल्या वाचकांनी साधारण निम्म्याहून थोडे कमी धरावे.) आणि मौज अशी, की ट्रेलर मागे चाकांवर चालत असला, तरी त्याचा काही भार ट्रकच्या हुकावर बसतो. त्याला येथे ‘टंग वेट’ म्हणतात. तोही या १,४८० मध्येच धरायचा.

हा भार किती असावा, हे चिरंजीव एका रात्री मला कागदावर बाण काढून समजावीत होते. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के. त्याहून कमी झाला, तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावीउजवीकडे हेलकावू लागतो, आणि तो हेलकावा ट्रकलाही घेऊन पडतो. फार जास्त झाला, तर ट्रकची मागची बाजू दबते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू ऐकेनासे होते. सासूबाई शेजारी वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटले, ‘‘धुरजड आणि उलाळ.’’

चिरंजीवांना कळले नाही. मलाही हे शब्द ऐकून तीस वर्षे लोटली होती. सासूबाईंचे माहेर आणि सासर दोन्ही सांगलीकडच्या नदीकाठच्या गावांतले, शेतीवाडीचे. बैलगाडी भरताना वजन पुढे गेले, की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर जू रुतते. वजन मागे गेले, की गाडी उलाळ होते. जू वर उचलले जाते, जोत्यांनी बैलांचा गळा आवळतो आणि चढावर गाडी उताणी पडते. ‘‘आमचे दादा पोती भरून झाली की साटी धरून गाडी हाताने उचलून बघायचे. किंचित धुरजड असावी, म्हणायचे. बैलाला ओझे कळले पाहिजे, पण टोचले नाही पाहिजे.’’ नातू लेखणी खाली ठेवून ऐकत राहिला. दहा ते पंधरा टक्के म्हणजे ‘किंचित धुरजड’, हे आमच्या घरापुरते तेव्हापासून ठरून गेले. जीप ट्रेलरवर एक वीत पुढे घ्यायची की मागे, याचा निवाडाही आता त्यांच्यासमोर होतो.

महामार्गावरील मालट्रकांच्या थांब्यांवर मोठे वजनकाटे असतात. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर यांची वजने ते वेगवेगळी छापून देतात. ट्रेलर १,९८० आणि जीप ३,८६०, एकूण ५,८४० भरले. बारा टक्क्यांनी हुकावर ७०० पौंड. भार विभागून देणाऱ्या जोडणीचे लोखंड ९०. उरले ६९०. चौघा माणसांचे वजन ५७९. यांतील माझा आकडा मी येथे लिहिणार नाही. शिल्लक १११.

एवढ्या शिलकीत चिरंजीवांचा संसार कसा बसावा? ट्रेलर ७,००० पौंड पेलतो, म्हणजे त्याच्या बाजूने १,१६० पौंड मोकळे होते. तेव्हा सामान जीपमध्ये भरावे असे ठरले: भांडी, अंथरुणे, हत्यारांची पेटी, पुस्तके, मिळून ६००. पण त्याचाही बारावा हिस्सा नव्हे, बारा टक्के, हुकावर येतो: ७२ पौंड. शिल्लक ३९. त्यांत आमच्या बॅगा, खाण्याचा डबा, पिण्याचे पाणी, औषधे.

वही मेजावर उघडी होती. यजमान हळू आवाजात म्हणाले, ‘‘आईला विमानाने नेता येईल. तू तिच्याबरोबर ये.’’ सूचना गैर नव्हती. पाच दिवस बसून राहणे, त्यात दोन वर्षांपूर्वी हृदयाच्या धमनीत बसवलेली स्टेंट. विमान चार तासांत पोहोचवते. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई वहीपाशी उभ्या असलेल्या मला दिसल्या. त्यांच्या नावापुढील १०४ हा आकडा त्यांनी बोटाने दाखवला आणि विचारले, ‘‘हे माझे?’’ मी हो म्हटले. ‘‘आणि पुस्तके किती?’’ मी सांगितले, १८०. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. देवपूजेला गेल्या.

मी हे चिरंजीवांना सांगितले मात्र, त्याच दिवशी पुस्तके खोक्यांत गेली. येथील टपाल खात्यात पुस्तकांसाठी स्वस्त दराची वेगळी सोय आहे. ती खोकी आता टपालाने जातील. सामान ६०० वरून ४२० वर आले, हुकावरचा वाटा ७२ वरून ५० वर, आणि शिल्लक ६१ झाली. सासूबाईंनी नातवाला द्यायला काढलेला दगडी खलबत्ता चौदा पौंडांचा आहे. तो जीपमध्ये, मागच्या आसनाखाली.

खरा वाद वाटेवरून झाला. कोलंबसहून सरळ रस्ता आय-७०: इंडियानापोलिस, सेंट लुईस, कॅन्सस, डेन्व्हर आणि रॉकी पर्वत ओलांडून युटा. सुमारे सोळाशे मैल. यजमानांचे मन त्यावरच होते, आणि तो रस्ता देखणा आहे याबद्दल दुमत नाही. परंतु डेन्व्हरच्या पश्चिमेस तो आयझेनहॉवर बोगद्यातून जातो, तो ११,००० फुटांहून अधिक उंचीवर. बोगदा संपला की सात टक्क्यांची लांबलचक उतरण. मागे तीन टन असताना अशा उतारावर ब्रेक दाबून धरायचा नसतो; खालच्या गिअरमध्ये इंजिनालाच गाडी आवरू द्यायची असते, कारण तापलेला ब्रेक आयत्या वेळी ऐकत नाही. ब्रेक निकामी झालेल्या मालट्रकांसाठी कडेला खडीचे चढ बांधून ठेवले आहेत, यावरून काय ते समजावे. त्या पट्ट्यात ३१ मेपर्यंत बर्फासाठी योग्य टायर किंवा साखळ्या बाळगण्याचा नियमही लागू असतो. शिवाय सासूबाई. डॉक्टरांनी प्रवासास हरकत घेतली नाही. उंचावर रात्र काढू नका, आणि दर दोन तासांनी उतरून चालवा, एवढेच सांगितले.

मी दक्षिणेची वाट मांडली: सेंट लुईस, टल्सा, अमरिलो, आल्बुकर्की, आणि तेथून वायव्येस वळून फार्मिंग्टन, कॉर्टेझ, मॉन्टिसेलोवरून मोआब. सव्वादोनशे मैल अधिक, म्हणजे निम्म्या दिवसाचे काम. पण ही वाट आठ हजार फुटांच्या आतच राहते आणि मुक्कामांपैकी सर्वांत उंच आल्बुकर्की, सुमारे ५,३००. यजमान दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नकाशावर टल्साच्या मुक्कामाभोवती वर्तुळ काढले.

पाच दिवस, रोज साधारण तीनशे ते सव्वाचारशे मैल, वेग ताशी साठ मैलांच्या आसपास. ट्रेलरचे टायर वेगळ्या जातीचे असतात आणि अनेकांची मर्यादा पासष्ट मैलांची असते. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक पाहावेत: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. आमच्या ट्रेलरच्या टायरांवर नक्षी नव्यासारखी होती, पण ते नऊ वर्षांचे निघाले. चारही बदलले. सुरक्षेच्या साखळ्या हुकाखाली फुलीसारख्या अडकवायच्या, म्हणजे हुक निसटलाच तर ट्रेलरचे तोंड रस्त्यावर न पडता त्या झोळीत पडते. ट्रेलरला स्वतःचे विजेचे ब्रेक आहेत, आणि तो सुटला तर ते आपोआप लागावेत यासाठी एक बारीक तार आहे. ती तार मी स्वतः तपासणार आहे.

पेट्रोल जवळजवळ दुप्पट लागेल. ओक्लाहोमातील टोल आसांच्या संख्येवर असतो, त्यामुळे तोही वाढेल. हॉटेल निवडताना खोली कशी आहे, यापेक्षा बेचाळीस फूट लांबीची वरात मागे न घेता आत-बाहेर करता येते का, हे आधी विचारावे लागते. मी सात ठिकाणी फोन केले. चौघांनी प्रश्न समजून घेतला.

सासूबाई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. त्यामुळे प्रत्येक मुक्कामाच्या सूर्यास्ताची वेळ वहीत आहे. पश्चिमेस जाताना येथे काही सवलत मिळते. इलिनॉयच्या सीमेवर घड्याळ एक तास मागे जाते, न्यू मेक्सिकोच्या सीमेवर आणखी एक तास. मे महिन्यात त्या बाजूस आठनंतरच दिवस मावळतो. ताट साडेसहाला मांडायचे असेल, तर साडेपाचला थांबावे लागते, आणि दमलेल्या चालकाने साडेपाचला थांबावे हे तसेही बरे. दशम्या, चटणी, मेतकूट आणि विजेवरचा लहान कुकर बरोबर आहे. पाण्याचा साठा मोआबला पोहोचल्यावर भरायचा. एक गॅलन पाणी आठ पौंडांहून अधिक भरते आणि वाळवंटात माणशी दिवसाला एक गॅलन लागते. ते कोलंबसहून ओढत नेण्यात अर्थ नाही.

मोआबच्या वाटांविषयी चिरंजीव बोलू लागले की थांबत नाहीत. गुळगुळीत वालुकाश्माच्या पाठीवरून टायरची हवा पंधरा-वीस पौंडांपर्यंत उतरवून चढायचे, म्हणजे रबर पसरून खडकाला चिकटते. मला त्यातील एक गोष्ट विशेष वाटली. तेथील वाळूवर काळपट, खडबडीत पापुद्रा असतो. तो मातीचा नव्हे. सूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळ यांनी विणलेला जिवंत थर आहे. त्यानेच वाळू जागी धरून ठेवलेली असते. एका चाकाने तो मोडला, तर पुन्हा धरायला कित्येक दशके जातात. म्हणून आखलेल्या वाटेबाहेर चाकच काय, पाऊलही टाकायचे नाही. हे ऐकल्यावर सासूबाईंनी नातवाकडून दोनदा वदवून घेतले.

त्या स्वतः खडकांवर येणार नाहीत. त्यांच्यासाठी कोलोरॅडो नदीच्या काठचा डांबरी पोटॅश रस्ता ठरला आहे. त्याच्या कडेच्या उभ्या खडकांवर आदिवासींनी पूर्वी कोरलेली चित्रे गाडीतून उतरल्या उतरल्या दिसतात. तेवढे अंतर जीपमधून जायचे, पुढच्या आसनावर त्या, चालवायला नातू. आम्ही दोघे मागे ट्रकमधून येऊ.

वहीत परतीचे पान वेगळे आहे. रिकामा ट्रेलर भरलेल्यापेक्षा जास्त आदळतो, म्हणून टायरची हवा किती ठेवावी याची चौकशी यजमान करीत आहेत. त्या पानावर सध्या दोनच आकडे आहेत: ट्रेलर १,९८०, माणसे ४१४.