मध्यावरचे कुटुंब

महसूल दप्तर जमिनीला जितके ओळखते तितके तिच्यावर राबणाऱ्या कुटुंबाला ओळखत नाही, ही गोष्ट नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील कौटुंबिक उत्पन्नाचा अंदाज बांधू पाहणाऱ्याच्या ध्यानात लवकरच येते. मालगुजारीच्या काळापासून चालत आलेल्या जमाबंदीच्या कागदांत मातीची प्रत सापडते, सातबाऱ्यावर पिकाची नोंद असते, पैसेवारी जाहीर झाली म्हणजे हंगाम कसा गेला हेही समजते. परंतु ज्या सालदाराच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याच्या घरात वर्षाकाठी काय आले हे सांगणारा गावनमुना कोणी आखलेला नाही. जे. सी. कुमारप्पा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३९ च्या सुमारास मध्यप्रांत व वऱ्हाडातील ६०६ खेड्यांची पाहणी केली, तेव्हा खेड्याच्या अर्थकारणाकडे माणसाच्या बाजूने पाहण्याचा एक मोठा प्रयत्न झाला. पुढे १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, पण तीही दीर्घकाळ मुख्यतः खर्चच विचारीत आली. कारण उत्पन्न विचारण्याचे जे प्रयोग झाले, त्यांत सांगितलेले उत्पन्न हे खर्च आणि बचत यांच्या बेरजेहून कमी भरले.

यावरून माणसे असत्य सांगतात असा निष्कर्ष मी काढीत नाही. काटोल-नरखेडकडचा बागाईतदार अंबिया बहराची संत्री झाडावरच व्यापाऱ्याला देतो आणि त्याचे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. कापसाची रक्कम कृषी केंद्राच्या उधारीत परस्पर वळती झाली, तर ती हाती आली असे शेतकऱ्याला वाटतच नाही. भिवापूरकडे मिरचीचे देठ खुडून बायकांनी मिळविलेली मजुरी घरच्या कर्त्याच्या हिशेबात बहुधा नसते. आणि तहसीलीतून काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आकडा तर मुलाच्या शिष्यवृत्तीची मर्यादा पाहूनच मनात ठसलेला असतो. म्हणून ‘उत्पन्न किती?’ असा प्रश्न मी सहसा विचारीत नाही. सालदाराचा करार ज्या पाडव्याला संपतो आणि नवा होतो, त्या पाडव्यापासून मागे जात, एकेका हंगामाची, एकेका माणसाची आणि एकेका गुराची मिळकत विचारीत आलो, बियाणे-खत-मजुरी वजा केली आणि घरी ठेवलेल्या ज्वारी-तुरीला गावच्या बाजारभावाने मोल दिले, म्हणजे जी रक्कम उरते, ती पाहून घरधन्यालाच नवल वाटते.

परंतु एवढे करूनही सर्वांचे उत्पन्न अचूक मिळत नाही, आणि येथेच मध्यकाचे महत्त्व मला विशेष वाटते. शेतकरी कुटुंबांच्या परिस्थितीची जी देशव्यापी पाहणी झाली, तिने २०१८-१९ चे मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये सांगितले. ती सरासरी आहे, आणि उमरेडच्या कोळसा खाणीत कायम नोकरीला असलेला एक गृहस्थ वस्तीत असला की अशी सरासरी त्याच्या वेतनाकडे ओढली जाते. मध्यकाला रांगेतले स्थान तेवढे पाहिजे. मोठ्या बागाईतदाराने उत्पन्न निम्मे सांगितले तरी तो मध्याच्या वरच राहतो, व मध्यक जागचा हलत नाही. मात्र चार-पाच एकर कोरडवाहू जमीन आणि जोडीला मजुरी अशा कुटुंबाची एक शेळीविक्री जरी निसटली, तरी ते रेषेच्या अलीकडचे पलीकडे जाऊ शकते. म्हणून माझा वेळ मी श्रीमंताच्या ओसरीवर फारसा घालवीत नाही. तो या मधल्या घरांत घालवितो, आणि अन्वेषकांनीही तेथेच घालवावा असा माझा आग्रह असतो.

उत्पन्नाचे वर्ग आखतानाही हेच भान हवे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय जनगणनेत ग्रामीण कुटुंबातील सर्वाधिक कमावत्या व्यक्तीचे मासिक उत्पन्न पाच हजारांहून कमी, पाच ते दहा हजार, की दहा हजार वा अधिक, एवढेच नोंदले गेले; देशातील सुमारे तीन-चतुर्थांश कुटुंबे पहिल्याच वर्गात पडली, त्यामुळे मध्यक पाच हजारांच्या खाली कोठेतरी आहे याहून अधिक त्या तक्त्यातून निघत नाही, आणि तोही एकाच व्यक्तीच्या कमाईचा.

काळाच्या तुलनेत तर आणखी सावध राहावे लागते. भाववाढ शेतमजुरांच्या निर्देशांकाने काढून टाकता येते, ते सोपे आहे. पण दोन भाऊ वेगळे झाले, एका चुलीच्या दोन झाल्या, की कोणाच्याही ताटातले काही कमी न होता प्रत्येक कुटुंबाचे उत्पन्न निम्म्यावर येते. आणि वाडी, वानाडोंगरी, बुटीबोरी यांसारखी कारखान्यांच्या आधाराने वाढलेली गावे नगरपरिषदा होऊन ग्रामीण यादीतून गेली, की उरलेल्या खेड्यांत काहीही न घडता ग्रामीण मध्यक खाली सरकतो. म्हणून मी जुन्या जनगणनेतील गावांची यादी तशीच कायम ठेवतो, आज शहरी ठरलेली त्यांतली गावेही मोजतो, आणि कौटुंबिक मध्यकाच्या शेजारच्या रकान्यात दरडोई मध्यक लिहितो. दोन्ही आकडे एकाच दिशेने गेले, तरच उत्पन्न वाढले किंवा घटले असे अहवालात नमूद करतो.