ओट्यावरची शाळा

आजारपणात लेकीची शाळा सुटली आणि चिंचपाड्यातील आमच्या ओट्यावर तिची शाळा भरू लागली. भुसावळकडे जाणारी गाडी शिट्टी देई, ती आमची मधली सुट्टी.

धाक होता कायद्याचा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांचे मूल शाळेत घालण्याचे कर्तव्य पालकांवर टाकतो. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र सांगत नाही. त्याचेच चौथे कलम शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात घेते. पुढे दहावीला बाहेरून बसायचे, तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा अर्ज आहेच. एवढे कळले आणि मी निश्चिंत झाले.

एके दुपारी तिने विचारले, “आई, डबा कुणाबरोबर खाऊ?”

मला उत्तर सुचेना. जूनमध्ये तिचा हात धरून मी शाळेची पायरी चढले.