सात ठोकळे

इंग्रजी भाषा आपल्या घरांत दोन वाटांनीं येते : कानाच्या आणि डोळ्यांच्या. कानानें आलेलें इंग्रजी चारचौघांत मिरवतें. डोळ्यांनीं आलेलें इंग्रजी औषधाच्या बाटलीवरचीं नाहीं तर तिकिटावरचीं अक्षरें लावीत मुकाट्यानें कोपऱ्यांत बसतें. मुलांकडे बहुधा पहिलें असतें, वडील माणसांपैकीं पुष्कळांकडे दुसरें. आणि 'इंग्रजी येणें' म्हणून आपण गौरवितों तें पहिल्यालाच. या निवाड्यांत दुसऱ्यावर किती अन्याय होतो, हें पाहावयाचें असेल तर स्क्रॅबलच्या पटाशीं बसावें.

दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द जुळवावयाचा, एवढेंच या खेळाचें सार. अमेरिकेंत १९२९ नंतर जी मोठी मंदी आली, तींत आल्फ्रेड बट्स नांवाच्या वास्तुशिल्पज्ञाचें काम सुटलें. रिकामपणांत त्यानें वर्तमानपत्राच्या पानांवर कोणतें अक्षर किती वेळां येतें हें मोजलें, आणि त्या हिशेबावर हा खेळ बसविला. १९४८ सालीं जेम्स ब्रुनो यानें त्यास 'स्क्रॅबल' हें नांव दिलें. शंभर ठोकळ्यांत 'ई' बारा. 'क्यू' आणि 'झेड' एकेकच. म्हणून 'ई'ला एक गुण, तर 'क्यू'ला दहा. 'एस' चारच आहेत; ते अधिक असते, तर अनेकवचनाची शेपटी लावून फुकटचे गुण मिळविणें फारच सोपें झालें असतें! प्रत्येकाच्या पुढ्यांत सात ठोकळे असतात. सातही एका खेळींत लागले, तर पन्नास गुण जादा.

मराठी माणसास हा खेळ प्रथम थोडा परका वाटतो. आपलें अक्षर जागा बदलतें, पण ध्वनि सोडीत नाहीं. 'रस' उलटविला कीं 'सर' होतो, 'वन' उलटविलें कीं 'नव'. इंग्रजी अक्षर इतकें इमानी नाहीं. एस, टी, ओ, पी या चौघांतून 'स्टॉप', 'स्पॉट' आणि 'पोस्ट' असे शब्द निघतात; पण त्यांतला 'ओ' एकदां 'ऑ' होतो, एकदां 'ओ'. कानावर विसंबणारा येथें हटकून अडखळतो.

रविवारीं दुपारीं जेवणें आटोपलीं कीं आमच्या माजघरांत हा पट मांडला जातो. कॉलेजांत जाणारीं मुलें ठोकळ्यांकडे पाहून ओठांनीं पुटपुटतात. तीं शब्द आठवीत असतात. आमची काकू शाळेंत इंग्रजी दोनच वर्षें शिकली, मग तिची शाळा सुटली. ती शब्द आठवीत नाहीं, तांदूळ निवडावे तसा निवडते. 'आय-एन-जी' दिसलीं कीं उजवीकडे, 'आर-ई' दिसलीं कीं डावीकडे; उरलेलीं अक्षरें ती वर्तुळांत मांडते, म्हणजे पहिल्या मांडणीचा पगडा डोळ्यांवरून उतरतो. मुरलेले खेळाडूही हेंच करतात. काकूला तें कोणीं शिकविलें नाहीं.

आमच्या घरचा एक नियम होता : अर्थ सांगितल्यावांचून गुण नाहींत. एके दिवशीं काकूच्या पुढ्यांत एल, आय, एस, टी, ई, एन आणि व्ही हीं अक्षरें आलीं. 'व्ही' बाजूला सारून तिनें सहा ठोकळे लाविले आणि म्हणाली, "लिस्टेन." मुलें हंसलीं. आप्पांनीं विचारलें, "अर्थ काय?" काकूनें कांहीं न बोलतां ठोकळे उचलावयास हात पुढें केला. तोंच माझी पुतणी ओरडली, "काकूआजी, थांब! हें तर 'लिसन'!"

"अगो बाई, 'लिसन' होय!" काकू म्हणाली, "तें तर या पोरी दिवसभर मला म्हणत असतात. ऐक, ऐक म्हणून!"

या शब्दांतला 'टी' कानाला ऐकूंच येत नाहीं. म्हणून मुलांना तो दिसला नव्हता. काकूला दिसला, पण ओळखूं आला नाहीं. शब्दाचा एक अर्धा भाग आजीपाशीं होता, दुसरा नातीपाशीं. आणखी गंमत अशी कीं तींच सहा अक्षरें फिरविलीं म्हणजे 'सायलेंट', म्हणजे निःशब्द, हा शब्द होतो.

अर्थावांचून शब्द ओळखणें हें ज्ञान नव्हे, असें म्हणणाऱ्यांनीं न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सकडे पाहावें. २०१५ सालीं त्यानें फ्रेंच स्क्रॅबलचें जगज्जेतेपद मिळविलें, तेव्हां त्याला फ्रेंच बोलतां येत नव्हतें. त्या भाषेचा शब्दसंग्रह त्यानें सुमारें नऊ आठवड्यांत डोळ्यांखालून घालून पाठ केला होता. २०२४ सालीं स्पॅनिश स्क्रॅबलमध्येंही तो जगज्जेता ठरला. अर्थ निरुपयोगी आहे, असें यावरून ठरत नाहीं. शब्द ओळखणें आणि शब्द समजणें या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, आणि एक नाहीं म्हणून दुसरीस शून्य गुण देऊं नयेत, एवढें मात्र ठरतें.

त्या रविवारीं आप्पांनींच नियम बदलला. शब्द लावील त्याला गुण. अर्थ घरांतल्या कोणींही सांगावा. कोणालाच न आला तर शब्दकोश उघडावा, आणि शब्द मराठी अर्थासह वहींत टिपावा. वही काकूच्या स्वाधीन आहे. तिच्या वळणदार मराठी अक्षरांत आतां साठ पानें भरलीं आहेत, आणि त्यांतले निम्मे शब्द कॉलेजांतल्या मुलांनाही नवे होते.

ज्यांच्या घरीं कोणी वडील माणूस 'मला बाई इंग्रजी येत नाहीं' असें म्हणून पटापासून दूर बसत असेल, त्यांनीं त्या माणसाच्या पुढ्यांत सात ठोकळे ठेवून पाहावे. अर्थ सांगावयास घरांत माणसें पुष्कळ असतात.